करंजाच्या पानांवरचं मीठ

विट्यात झाड लावणं सोपं आणि जगवणं अवघड, हे त्रिशला चौगुलेंना पहिल्याच उन्हाळ्यात कळून चुकलं होतं. लावायला सगळे येतात. हाताला जरा चिखल लावून घेतात, फोटोला उभे राहतात, नारळ फोडून खोबरं खातात आणि घरी जातात. मग मागं उरतात ते वाकलेल्या जाळ्या, आळ्यात टाकलेले चहाचे कागदी कप, न आलेला टँकर आणि मोकाट शेरडं. हे सगळं निस्तरायला दोघंच होते, एक त्रिशलाबाई आणि दुसरे नाथाजी आबा.

त्रिशलाबाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. माहेर सांगलीजवळचं, कृष्णाकाठच्या काळ्या मातीतलं, त्यामुळं विट्याच्या मुरमाशी त्यांचं अजून नीटसं जमलं नव्हतं. भूतखेत, करणी, मुहूर्त यांतलं काही त्या मानत नसत आणि मानणाऱ्याला तोंडावर सांगायलाही भीत नसत. घरचा जैन नेम मात्र कडक होता. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, आणि उरकलं की मायणी रस्त्यानं झाडांकडं फेरी मारायची. नवरा गमतीनं म्हणायचा, तुझं सासर आता रस्त्याच्या कडेला आहे.

नाथाजी आबांचं आयुष्य गलाईत गेलेलं. विट्याच्या पंचक्रोशीतली घरटी एखाद-दोन माणसं हिंदुस्थानभर याच धंद्यात पांगलेली आहेत, जुनं सोनं आटवून शुद्ध करून द्यायचं. आबांचं दुकान केरळात त्रिचूरला होतं. ते लेकाच्या हाती देऊन आबा गावी आले, आठवडाभर ओसरीवर बसून कंटाळले आणि झाडांना पाणी घालू लागले. धंद्यानं लावलेली एक खोड मात्र त्यांना सुटत नव्हती. त्यांना केर टाकवत नसे. गलाईच्या दुकानातला केर साठवतात, जाळतात, राख धुतात आणि तळाला बसलेले सोन्याचे कण वेचून काढतात. अंगावरचा फाटका सदरासुद्धा फेकायचा नाही, जाळून धुवायचा. आबा घरचा केरही आधी उन्हात धरून बघायचे आणि सुनेच्या शिव्या खायचे.

दोन वर्षांपूर्वी रस्त्याकडेला झाडं लावायची ठरली तेव्हा टूम आबांनीच काढली. ज्या घरचा माणूस बाहेर गलाईत आहे, त्यानं दुकानातली धुऊन उरलेली राख पाठवायची आणि ती घरासमोरच्या खड्ड्यात घालायची.

"सोनं तर आमी काढून घेतलंया," आबा म्हणाले. "पर त्या राखंत आमची वर्सं हायेत की मॅडम. ती कुठं टाकायची?"

त्रिशलाबाईंनी राख आधी प्रयोगशाळेत नेली, तेजाबाचा अंश राहिला नसल्याची खात्री केली आणि मगच परवानगी दिली. माणसांच्या हौसेला एवढं चालतं, झाडं जगल्याशी कारण. मग एकेक पुडकं येत गेलं, जम्मूहून, गुवाहाटीहून, त्रिचूरहून. आपापल्या राखेवर आपापलं झाड उभं राहिलं.

पंचाईत झाली ती हरणाबाईची. ही धनगराची बाई, नवरा वारलेला, पाच-सहा शेरडं आणि रस्त्याला लागून दोन खोल्या. एकुलता एक मुलगा बिराप्पा दूर एका गलाईच्या दुकानात कामाला होता. मालकाशी भांडून तो एका दुपारी दुकानातून चालता झाला, तो पुन्हा कुणालाच दिसला नाही. फोन बंद. गलाईवाल्यांचं जाळं मोठं, एका गावात शिंकलं तर दुसऱ्या टोकाला कळावं असं, पण बिराप्पाचा पत्ता त्या जाळ्यालाही लागला नाही. मालक राख पाठवायला तयार नव्हता. हरणाबाईनं घरातून त्याचा कामावरचा जुना सदरा आणून आबांपुढं धरला.

आबांच्या हातांनी विचार केला नाही. आयुष्यभर केलं तेच केलं. पाटीत सदरा जाळला, राख धुतली, आणि खरोखरच खसखशीएवढा सोन्याचा एक कण निघाला. तो हरणाबाईनं पदराच्या गाठीत बांधला. उरलेली राख खड्ड्यात गेली आणि त्यावर करंज लागला. त्रिशलाबाईंनी करंज मुद्दाम निवडला होता, कारण शेरडं त्याला तोंड लावत नाहीत.

घरी आल्यावर आबांची बायको तेवढी बोलली, की अंगावरचे कपडे जाळतात ते माणूस गेल्यावर, आणि बाहेर माणूस जिवंत असेल तर तुम्ही हे काय करून बसलात. आबांचा चेहरा उतरला. धंद्यात असलं काही मनात येत नाही, ते म्हणाले. त्रिशलाबाईंच्या कानावर आलं तेव्हा त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या वर्षी झाडं माणसाच्या उंचीची झाली आणि हिवाळ्यात एका सकाळी रेश्माचा फोन आला. रेश्मा रस्त्याच्या वरच्या टोकाला राहायची, नवरा जम्मूला. तिच्या दारातल्या कांचनावर बर्फ पडलाय असं ती सांगत होती. त्रिशलाबाई स्कूटर काढून गेल्या. कांचनाच्या पानांच्या कडांना खरोखरच काचेसारखा पातळ बर्फ धरला होता. शेजारचं जुनं कडुलिंबाचं झाड कोरडं ठणठणीत होतं. बाईंनी एक पान तळहातावर घेतलं आणि बर्फ वितळून मनगटावरून ओघळला.

त्यांनी कारणं शोधली. थंड हवेचा कप्पा, पाइपची गळती, कुणाचा तरी आचरटपणा. तोवर आबा धापा टाकत आले. त्यांच्या दारातला बहावा चिंब भिजला होता. त्रिचूरला लेकाला फोन लावला तर तिकडं पहाटेपासून अवेळी पाऊस लागलेला. गुवाहाटीच्या झाडावर धुकं होतं, दुपारच्या उन्हातही फांद्यांत अडकून राहिलेलं. बाईंनी कांचनाच्या एका फांदीला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी पिशवी बाहेरून धुळीनं माखलेली होती आणि आतल्या पानांच्या कडांना पुन्हा बर्फ धरला होता.

मग त्यांनी कारण शोधायचं थांबवलं. ज्याचं कारण सापडत नाही त्याला आधी पाणी घालावं, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं आणि पाण्याच्या पाळ्या नीट लावून दिल्या.

तो हिवाळा मायणी रस्त्यानं कधी विसरू नये असा गेला. सकाळी उठलं की बायका आधी झाडाला हात लावायच्या आणि मग फोन. छत्री नेली का, स्वेटर घातला का, काल ओल्या अंगानं झोपलास ना. नवरे चकित. एक म्हातारी रोज गुवाहाटीच्या धुक्यात तोंड घालून उभी राहायची आणि म्हणायची, लेकाच्या गावाला जाऊन आले, तिकीट लागलं नाही. आळ्यातले चहाचे कप आपोआप बंद झाले. वाकलेल्या जाळ्या लोकांनी आपल्या हातानं सरळ केल्या. टँकरवाला न मागता यायला लागला, कारण त्याचा मेव्हणा जम्मूला होता. त्या वर्षी रस्त्यावरचं एकही झाड वाळलं नाही, आणि त्रिशलाबाई इतक्या खुश होत्या की वर्गात मुलांना विनाकारण सुट्टी द्यायच्या.

हरणाबाईचा करंज मात्र कोरडाच होता. ती रोज पान चोळून बघायची आणि शेरडं सोडायची. तिच्या भावकीनं एव्हाना तिला सुनवायला सुरुवात केली होती, की एवढे दिवस झाले, आता मनाची तयारी कर. एक चुलतदीर तर दिवसकार्याचं बोलून गेला. तिनं त्याला चहा दिला आणि पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नको म्हणून सांगितलं.

माघ सरता सरता एका सकाळी ती उघड्या डोक्यानं पळत बाईंच्या दारात आली. करंज भिजला होता. नुसता भिजला नव्हता, वाऱ्यानं झोडपल्यासारखी पानं उलटी झाली होती आणि बुंध्यापाशी पाणी साचलं होतं. हरणाबाईनं ओला बुंधा कवटाळला.

"बाई, पोरगं जितं हाय माजं," ती म्हणाली. "कुठं तरी भिजतंय."

त्रिशलाबाई शास्त्र शिकवणाऱ्या, पण त्या क्षणी त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. फोनवर बघितलं तर त्या दिवशी देशात निम्म्या ठिकाणी अवकाळी पाऊस होता, त्यावरून ठिकाण लागणं शक्य नव्हतं. आबांनी मात्र एक गोष्ट ओळखली. बाकीची झाडं आपापल्या दुकानाच्या गावाला बांधलेली होती. हा करंज कुठल्या गावाचा नव्हता, सदऱ्याचा होता. सदरा घालणारा जिथं जाईल तिथली हवा इथं येणार.

आठवड्याभरानं पानांवर पांढरी पुटं चढली. हरणाबाईनं जीभ लावून बघितलं.

"मीठ हाय," ती म्हणाली.

म्हणजे समुद्र. आबांनी कोकणापासून केरळापर्यंत किनाऱ्यावरच्या एकूण एक गलाईवाल्याला फोन लावले. कुणाला काही सापडलं नाही. पण हरणाबाई बदलली. बिरोबाला भंडारा वाहिला, तसाच करंजालाही वाहिला. घर सारवलं, कधी नव्हे ती नवी चोळी शिवली. रोज सकाळी पानावरचं मीठ बोटानं पुसून ती कालवणात टाकायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, लेकानं धाडलंय.

आणि शिमग्याच्या तोंडावर बिराप्पा खरंच आला.

भर दुपारी स्टँडवरून चालत आला, खांद्याला एक बॅग. सगळा रस्ता गोळा झाला. तोच उंच बांधा, भुवईवरचा लहानपणचा व्रण तोच, आणि हसला की तसाच एका बाजूला. मेलेल्या बापाचं काठीला तेल लावायचं वेड त्याला आठवत होतं, शाळेतल्या मास्तरांचं टोपणनाव आठवत होतं. शंकेला जागाच नव्हती, आणि शंका घेतोय कोण? हरणाबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. बोकड पडला, हलगी आली, आबा साठी उलटलेल्या पायांनी नाचले आणि दोन दिवस पाठ धरून बसले. त्रिशलाबाईंसाठी शेजारणीच्या घरून शेंगांच्या पोळ्या आल्या, त्याही दिवस मावळायच्या आत. रस्त्यावरच्या बायका करंजाभोवती फेर धरून गात होत्या. एवढा आनंद बाईंनी विट्यात पूर्वी पाहिला नव्हता.

बिराप्पा करंजाच्या सावलीत बाजेवर बसला होता. कुणी तरी विचारलं, गड्या होतास कुठं. तो म्हणाला, हैदराबादेला. तिथनंच आलो, सरळ. दोन वर्षं नुसतं ऊन खाल्लं, घसा ओला झाला न्हाई.

त्याच वेळी वरून एक थेंब त्याच्या मानेवर पडला. त्यानं पुसला, वर बघितलं आणि हसला. आभाळ निरभ्र होतं.

त्रिशलाबाईंनी पान तोडून जिभेला लावलं.

खारट होतं. ताजं. माणूस दारात बसलेला, आणि झाडावर अजून समुद्र.

त्यांनी आबांकडं बघितलं. आबा नाचत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. हरणाबाईचं मात्र होतं. हातातलं ताट खाली ठेवून ती उठली, बाईंचा हात धरून त्यांना शेरडांच्या खोपीमागं घेऊन गेली.

"मला म्हाईत हाय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "सकाळधरनं समुद्राचा वास मारतोय झाडाला. पर कुणाला बोलू नगा बाई. आलंय न्हवं दारात? मी कोण हाकलायची?"

"हरणाबाई, मग हा..."

"माजंच हाय. भुवईला लागलं तवा मीच हळद भरलीया."

पुढं हलगीचा ठेका वाढला होता आणि हरणाबाई हसत हसत गर्दीत मिसळली.

पुढचे दिवस सुखाचे गेले. बिराप्पा कामसू होता. पहाटे उठून झाडांना पाणी घालायचा, जाळ्यांना रंग द्यायचा, शेरडं माळाला न्यायचा. रेश्माच्या कांचनाला त्यानं काठीचा आधार बांधला. सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्रिशलाबाईंनाही तो आवडला. वाईट वाटावं असं त्याच्यात काहीच नव्हतं, आणि तेच त्यांना संध्याकाळी फेरी मारताना टोचत राहायचं. करंजाला पाणी घालताना मात्र तो नेहमी उलट्या बाजूला तोंड करून उभा राहायचा.

एक दिवस पानांवर मीठ नव्हतं. तांबडी माती होती, चिपळूणकडं असते तशी, बोटाला चिकटणारी. विट्याच्या मुरमाची जात ती नव्हे.

दुसऱ्या दिवशी पानं गार होती आणि त्यांच्यावर धुक्याचे बारीक थेंब होते. त्रिशलाबाई लग्नाच्या वऱ्हाडातून चिपळूणहून कराडला चढणाऱ्या कुंभार्ली घाटानं एकदा आल्या होत्या. त्या वळणांवरचा ओल्या कातळाचा वास त्यांना ओळखीचा होता.

त्यांनी आबांना बोलावून दाखवलं. आबांनी पान हातात घेऊन बघितलं आणि काठी टेकत घरी गेले. त्या दिवसापासून त्यांनी घरातला केर न बघता उकिरड्यावर टाकायला सुरुवात केली.

मग पानांवर काजळी आली. जळक्या उसाची, आणि तिच्याबरोबर गुऱ्हाळाचा गोड वास. कराडकडची.

मग विट्याला लागून असलेल्या कडेगावच्या वाटेची पांढुरकी धूळ आली.

रविवारी संध्याकाळी त्रिशलाबाई लवकर जेवून निघाल्या. ऊन अजून भिंतींवर होतं. करंजाला जांभळट फुलांचे तुरे आले होते आणि त्यांचा सडा पडला होता. त्यांनी पानावरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली, रस्त्यावरच्या सगळ्या झाडांवर असते तीच. विट्याची.

हरणाबाईचं दार सताड उघडं होतं. ती चुलीपुढं बसून भाकरी थापत होती, तोंडानं गुणगुणत, नव्या चोळीत. बाई दिसल्यावर तिनं हसून मान हलवली आणि थापत राहिली. जमिनीवर दोन ताटं मांडलेली होती. एकावर बिराप्पा बसला होता. हरणाबाईनं त्याच्या भाकरीचा वरचा कडक पापुद्रा सोलून वेगळा ठेवला, त्याला तो लहानपणापासून तसा लागायचा.

बिराप्पा खाता खाता दुसऱ्या ताटाकडं बघत होता.

"आये," त्यानं विचारलं, "अजून कोण यायचंय?"

"यील की," हरणाबाई म्हणाली. "तुज्याएवढंच भुकेजलेलं असंल. तू जेव."

आणि तव्यावरची गरम भाकरी दुसऱ्या ताटात वाढून, तिचाही पापुद्रा तिनं तसाच सोलून वेगळा ठेवला.